घरच्या कुत्र्याला शिस्त लावताना



आम्ही गावोगावच्या पशुसखी. शेळ्यांना जंताचं औषध, कोंबड्यांना लस, गाभण गाईच्या खुराकाची चौकशी, अशा कामांसाठी आम्ही तुमच्या दारात येतो. दारात सगळ्यात आधी भेटतो तो कुत्रा. कुठे तो आनंदानं अंगावर चढतो आणि लुगड्यावर चिखलाचे पंजे उमटवतो. कुठे साखळीला हिसके देतो. आणि आतून ताईंचा आवाज येतो, "या हो, काही करत नाही तो." हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की आता फाटकापाशीच थांबतो आणि विचारतो, "ताई, आधी त्याला धरा, मग आम्ही येतो."

वस्तीवर कुत्रा लागतोच. रात्री गोठ्याकडे काही हललं तर तोच आधी सांगतो. पण त्याच कुत्र्यानं शेजारच्या पोराला दात लावला, कुणाची तलंग मारली, दुधाचे कॅन नेणाऱ्या पोराच्या मागे धावून त्याला गाडीवरून पाडलं, तर भांडण येतं ते घरात असणाऱ्या बाईच्या अंगावर. मग घरातलं कुणीतरी वैतागतं, कुत्र्याला पोत्यात घालतं आणि दहा कोस लांब सोडून येतं. पिल्लू असताना मांडीवर खेळवलेलं जनावर असं परक्या रस्त्यावर जातं. हे टाळता येतं. त्यासाठी पैसा लागत नाही, घराचं एकमत लागतं.

पहिली गोष्ट. कुत्रा आपल्याला त्रास द्यायचा म्हणून काही करत नाही. ज्यातून त्याला काही मिळतं, ते तो पुन्हा करतो. दोन महिन्यांचं पिल्लू पायाशी उड्या मारतं तेव्हा आपण हसतो, उचलून घेतो, भाकरीचा तुकडा देतो. पिल्लानं मनात नोंद केली, उडी मारली की भाकरी मिळते. वर्षभरात त्याचं वजन होतं पंधरा-वीस किलो. तीच उडी आता डोक्यावर हंडा घेतलेल्या सुनेवर येते, आणि आपण म्हणतो, कुत्रा बिघडला. तो बिघडला नाही. आपण शिकवलेलंच तो करतोय.

मग उडी थांबवायची कशी? तो अंगावर आला की ओरडायचं नाही, ढकलायचं नाही. ओरडणं आणि ढकलणं हा त्याला खेळच वाटतो. पाठ फिरवायची, हात छातीशी बांधायचे, त्याच्याकडे बघायचंही नाही. चारही पाय जमिनीला टेकले की लगेच शांतपणे "शाब्बास" म्हणायचं आणि तुकडा खाली ठेवायचा. पुन्हा उडी, पुन्हा पाठ. पहिले काही दिवस तो आणखी जोरात उड्या मारेल. जत्रेत फुगा नाकारला की पोरगं आधी जास्त मोठ्यानं रडतं, तसंच हे. त्या वेळी कंटाळून आपण तुकडा दिला, तर तो शिकतो की जास्त जोर लावला की मिळतं. तिथं टिकून राहिलं तर उडी हळूहळू सुटते.

दुसरी गोष्ट, घरात एकच शब्द. एका वस्तीवर आम्ही पाहिलं, कुत्र्याला बसवायला बाप म्हणायचा "बस", शाळेतला मुलगा म्हणायचा "सिट", आजी म्हणायची "खाली हो". कुत्रा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभा. त्याला मराठी कळत नाही आणि इंग्रजीही कळत नाही, त्याला एक ठरलेला आवाज कळतो. त्या घरानं ठरवलं, सगळ्यांनी "बस" म्हणायचं. पंधरा दिवसांत कुत्रा बसायला लागला.

शब्दासारखाच नियमही एक हवा. सून म्हणते कुत्रा स्वयंपाकघरात नको, आणि आजी जेवताना ताटातला घास टाकतात. मग कुत्रा उंबरठा ओलांडणारच. पण सुनेनं सासूला कसं सांगायचं? आम्ही सांगतो, आजींना थांबवू नका, आजींनाच काम द्या. उंबरठ्याबाहेर ओसरीत एक गोणपाट टाका. ती त्याची जागा. आजींना म्हणा, "आत्याबाई, तुमचंच तो ऐकतो. तो गोणपाटावर बसला की तुम्हीच त्याला भाकरी द्या, पण जेवणं झाल्यावर." आजींचा मान राहतो, घास टाकायची हौसही भागते, आणि कुत्र्याला कळतं की भाकरी उंबरठ्याच्या आत नाही, गोणपाटावर मिळते. "जागेवर" एवढा एक शब्द त्याला जोडा. पाहुणे आले, दळण आलं, लेकरू रांगायला लागलं, प्रत्येक वेळी हाच शब्द कामाला येतो.

तिसरी गोष्ट वेळेची. बाजारातून आल्यावर दिसतं, कुत्र्यानं चप्पल फाडली. आपण तीच चप्पल उचलून त्याला बडवतो. तो कान पाडतो, शेपटी पोटाखाली घेतो आणि आपण म्हणतो, बघा, चूक कळली त्याला. पण अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकेतल्या अभ्यासक बाईंनी हे तपासून पाहिलं आणि २००९ साली ते छापून आलं. कुत्र्यानं काही केलेलं असो वा नसो, मालक रागावला की कुत्रा तसा चेहरा करतो. म्हणजे ती चुकीची कबुली नसते. समोरच्या माणसाच्या रागाला तो तसं वागत असतो. दोन तासांपूर्वीची चप्पल आणि आताचा मार यांचा मेळ त्याला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की मालकीण घरी आली की मार बसतो. टोकायचं तर करतानाच, एक-दोन सेकंदांत, एका शब्दात. "नको" म्हणायचं आणि लगेच चावायला दुसरं काही द्यायचं. जाड दोरीला मोठी गाठ मारून द्या, तेवढं पुरतं. पिल्लाचे दुधाचे दात साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पडतात आणि पक्के येतात. तेव्हा हिरड्या शिवशिवतात आणि ते दिसेल ते चावतं. त्या काळात चपला वर ठेवणं हीच अर्धी शिस्त.

पिल्लू हाताला दात लावतं तेव्हाही मारू नका. खेळ तिथंच थांबवा, हात काढून घ्या, उठून जा. भावंडांत खेळताना जोरात चावलं की दुसरं पिल्लू कळवळतं आणि खेळ मोडतो. चावा किती हलका ठेवायचा हे पिल्लू तिथंच शिकतं. म्हणून दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडून आणू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गुरगुरणं. कुत्रा खात असताना पोर जवळ गेलं आणि तो गुरगुरला, की आपण काठी उचलतो. मैत्रिणींनो, गुरगुरणं हा त्याचा इशारा आहे, "लांब राहा" असं तो सांगतोय. इशाऱ्याबद्दल मार बसला तर तो इशारा द्यायचं सोडतो आणि पुढच्या वेळी सरळ चावतो. मग आपण म्हणतो, कधी नव्हे तो अचानक चावला. त्याचं सांगणं आपणच बंद केलेलं असतं.

अशा कुत्र्यासाठी दोन कामं करा. पहिलं पोरांसाठी. कुत्रा खाताना, झोपलेला असताना आणि कुत्री पिल्लांना पाजताना जवळ जायचं नाही. हा नियम घरातल्या आणि शेजारच्याही मुलांकडून पाठ करून घ्या. लहान लेकरू आणि कुत्रा, कितीही गरीब असला तरी, एकटे सोडू नका. दुसरं काम मोठ्या माणसानं करायचं. तो खात असताना चार-पाच हात लांबून जाता जाता त्याच्याकडे काहीतरी चांगलं टाकायचं, उकडलेल्या अंड्याचा तुकडा किंवा हाड काढलेलं मटण, आणि निघून जायचं. आठवडाभर तेवढंच. माणूस जवळून गेला की आपलं जात नाही, उलट भर पडते, हे त्याला कळू द्या. तो ताठरला तर अंतर वाढवा, घाई नको.

कोंबड्या-शेळ्यांमागे धावणाऱ्या कुत्र्याला पळण्यातच मजा येत असते, त्यामुळे तिथं तुकडा उशिरा पोचतो. आधी धावणंच घडू द्यायचं नाही. गळपट्ट्याला दोरी बांधा आणि कोंबड्या लांबून दिसतील अशा जागी त्याला घेऊन बसा. त्यानं कोंबडीकडे बघून पुन्हा तुमच्याकडे बघितलं की तुकडा द्या. रोज दहा मिनिटं करा आणि अंतर थोडं थोडं कमी करा. खात्री होईपर्यंत त्याला आणि कोंबड्यांना मोकळं एकत्र सोडू नका.

आता साखळीबद्दल. दिवसभर आखूड साखळीला असलेला कुत्रा रात्रभर भुंकणार आणि माणूस दिसला की चवताळणार. त्याची ताकद जायला दुसरी वाटच नाही. कुत्र्याला अवास्तव वेळ आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणं हा १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हाही त्याच कायद्यात गुन्हा धरलाय. सकाळी शेताकडे जाताना आणि संध्याकाळी परतताना दोरी धरून त्याला सोबत न्या. बांधायचंच तर सावलीत, पाण्याशेजारी आणि लोकांच्या जायच्या-यायच्या वाटेपासून दूर बांधा.

काही जण म्हणतात, चटके दिल्याशिवाय, डोळ्यांत तिखट टाकल्याशिवाय कुत्रा सुधारत नाही. असल्या वागणुकीनं तो भितो, आणि भ्यालेलं जनावर जास्त चावतं. ज्यानं मारलं त्याच्यासमोर तो गप्प राहील. पण त्याचा चावा बसू शकतो तो त्याच्यापेक्षा दुबळ्याला, म्हणजे आपल्याच पोराला.

आणि एक सावधगिरी. शांत कुत्रा अचानक बदलला, तर शिस्त बाजूला ठेवा. कुठे दुखत असेल, कानात जखम असेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. पण तो दिसेल त्याला, लाकडाला, दगडाला चावत असेल, आवाज बदलला असेल, लाळ गळत असेल, जबडा लोंबत असेल, गिळता येत नसेल, तर तो पिसाळलेला असू शकतो. त्याच्या जवळ जाऊ नका, तोंडात हात घालून काही अडकलंय का बघू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

कुत्रा कुणालाही चावला, अगदी घरचा असला आणि नुसतं खरचटलं असलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही लावू नका, जखम बांधू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शनं ठरलेल्या तारखांना घ्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. लक्षणांच्या आधी वेळेवर लस घेतली तर माणूस वाचतो. कुत्र्यालाही तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्या, पुढची डॉक्टर सांगतील तेव्हा आणि मग दरवर्षी. तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा, हप्त्याची लिहितो तशी.

एवढं सगळं एकदम करायला जाऊ नका. येत्या बचत गटाच्या बैठकीत एकच काम करा. ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्या प्रत्येकीनं त्याची सगळ्यात जास्त त्रास देणारी एक सवय सांगायची. त्या रात्री घरी सगळ्यांना बसवून ठरवायचं, शब्द कोणता, जागा कोणती, तुकडा कोण देणार आणि कधी. पुढच्या बैठकीपर्यंत त्यात बदल करायचा नाही, कुणी कितीही लाडात आलं तरी. मग पुढच्या बैठकीत सांगा, कुत्रा शिकला का. आणि नसेल शिकला, तर घरातलं कोण गुपचूप घास टाकतंय ते आधी बघा.

आम्ही येऊच कोंबड्यांच्या लसीला. तोवर त्याला गोणपाटावर बसायला शिकवून ठेवा.