रक्तातील शत्रू आणि प्रकाशाची साक्ष
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमचा विषय प्रयोगशाळेतला असला तरी त्याचे मूळ घरोघरच्या चिंतेत आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या आत्याबाईंना हुडहुडी भरून ताप आला. रक्त तपासणीस गेले. जंतू कोणता, हे तिसऱ्या दिवशी कळले आणि औषध बदलावे लागले. त्या वाचल्या, परंतु ते तीन दिवस आम्ही विसरलेलो नाही.

हा विलंब कोणाच्या आळसाने होत नाही. दूषित रक्ताच्या एका मिलिलिटरात पुष्कळदा दहाहूनही कमी जंतू असतात, आणि तांबड्या पेशी सुमारे पाचशे कोटी! म्हणून रक्त पोषक द्रवात ठेवून जंतू वाढू द्यावे लागतात. मग त्यांची जात व त्यांवरील औषध ठरते. त्यात दोन-तीन दिवस सहज जातात. इकडे जंतुदोषाने रक्तदाब कोसळलेल्या रोग्यांविषयी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, योग्य औषधास होणाऱ्या दर तासाच्या उशिराबरोबर जगण्याची आशा सरासरी सात-आठ टक्क्यांनी घटते.

येथे प्रकाश साहाय्यास येतो. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांना आढळले की, पदार्थावरून विखुरणाऱ्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपला रंग बदलतो. हा बदल रेणूंच्या कंपनांवर अवलंबून असतो. जंतूंची घटकद्रव्ये जातीपरत्वे भिन्न, म्हणून त्यांची प्रकाशमुद्राही भिन्न. ती फार क्षीण असल्याने सोन्यारुप्याच्या सूक्ष्म कणांच्या साह्याने तिला बळ देता येते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली तीस प्रकारच्या जंतूंच्या मुद्रा संगणकास ओळखावयास शिकविल्या. योग्य औषधगट सुचविण्यात सुमारे ९७ टक्के यश आले.

मात्र ते जंतू प्रयोगशाळेत वाढविलेले होते. रक्ताच्या गर्दीतून मूठभर जंतू वेगळे काढणे, हीच खरी अडचण आहे. तोवर जुनी तपासणी सोडून चालणार नाही.

म्हणून आमची दोनच मागणी आहेत. तीव्र तापात घरच्या घरी जंतुनाशक गोळ्या देऊ नका; त्याने जंतू तपासणीत दडून राहतात. रोग्यास विनाविलंब रुग्णालयात न्या. आणि आपल्या मुलामुलींपैकी ज्यांचा ओढा पदार्थविज्ञानाकडे असेल, त्यांना ‘यात पोट कसे भरेल?’ असे विचारून परावृत्त करू नका. प्रकाशाचा अभ्यास करणारा उद्या कोणाच्या तरी आत्याबाईंचे तीन दिवस वाचवील.