तिकिटावरची सही

राजा घाटावर बसलो आहोत, तर पहिला नमस्कार अमृतराव पेशव्यांना. १८०३ नंतर ते काशीला आले आणि हा घाट त्यांनी दगडात बांधून काढला. मला मात्र आज कागदाबद्दल बोलायचे आहे.

एकोणिसाव्या शतकात लॉटरी कागदावरच जगायची: तिकिटे, जाहिराती, सोडतीचे तक्ते. कलकत्त्याचा टाउन हॉल लॉटरीच्या पैशातून उभा राहिला, रस्ते झाले. त्याच वाटेने खासगी लॉटऱ्याही निघाल्या. १८४४ च्या पाचव्या कायद्याने सरकारमान्य नसलेल्या लॉटऱ्यांवर बंदी आली. १८७० मध्ये दंडविधानात कलम २९४-अ आले. लॉटरीचे कार्यालय चालवणाऱ्याबरोबरच तिची जाहिरात प्रसिद्ध करणाराही त्यात आला. त्याला हजार रुपयांपर्यंत दंड. माणूस आधी कागदाला भुलतो, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

त्याच काळात अमेरिकेत लुइझियाना लॉटरी कंपनी होती. १८६८ मध्ये आमदारांना लाच चारून तिने परवाना मिळवला. लोकांचा विश्वास बसावा म्हणून पुढे तिने यादवी युद्धातले दक्षिणेचे दोन जनरल पगारावर ठेवले, बोरिगार्ड आणि जुबल अर्ली. सोडत आमच्या देखरेखीखाली होते, अशा मजकुराखाली त्यांच्या सह्या जाहिरातीत छापल्या जात. तिकिटे टपालाने देशभर जात. १८९० च्या कायद्याने टपाल बंद झाले, तेव्हा कंपनीचा कणा मोडला. त्या सह्या मात्र संग्रहांत अजून आहेत.

हे वाचताना मला स्वस्थ बसवत नाही. निवृत्तीनंतर एका योजनेच्या पत्रकावर माझाही गणवेशातला फोटो छापला होता. दरमहा पैसे भरा, सोडतीत प्लॉट मिळवा, अशी ती योजना. मागणारा ओळखीचा, मी चौकशी केली नाही. माझ्याच पलटणीतल्या एका हवालदाराने ऐंशी हजार भरले. कार्यालयाला कुलूप लागल्यावर तो एवढेच म्हणाला, "साहेब, तुमचा फोटो होता म्हणून भरले."

ते पैसे मी पेन्शनमधून हप्त्याहप्त्याने फेडतो आहे. पत्रक खणात ठेवले आहे, फाडलेले नाही.

तुमच्याकडे कोणी नाव, फोटो किंवा सही मागितली, तर आधी स्वतःला विचारा: लोकांचे पैसे बुडाले तर भरून द्यायची माझी तयारी आहे का? नसेल, तर नाही म्हणा. ओळखीचा असला तरी. जय हिंद.