पाळीची तारीख, आकडीची तारीख



गटाच्या वहीत आपण प्रत्येक रुपया तारखेनिशी लिहितो. आज दुसऱ्या एका नोंदीविषयी बोलू या. ती आहे आकडीची. कुणी तिला फिट म्हणतं, कुणी मिरगी, कुणी फेफरं. डॉक्टर अपस्मार म्हणतात.

हा आजार असलेल्या काही बायकांना महिन्यातल्या ठरावीक दिवसांत आकडी जास्त येते. बहुतेकदा पाळीच्या तोंडावर. मग घरात कुजबुज सुरू होते, "विटाळात काही ओलांडलं असेल", "बाहेरचं असेल". दवाखाना राहतो बाजूला आणि अंगारा सुरू होतो.

पण कारण आपल्या शरीरातच असतं. बीजकोशात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन अशी दोन हार्मोन्स तयार होतात. रक्तातून ती मेंदूपर्यंत जातात. इस्ट्रोजेन मेंदूच्या पेशींना चेतवतं, प्रोजेस्टेरॉन त्यांना शांत करतं. पाळी येण्याआधी प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं. शांत करणारंच कमी झालं, की आकडीला वाट मिळते.

अमेरिकेत बोस्टनला डॉ. अँड्र्यू हर्झॉग या मेंदूविकारतज्ज्ञांनी याचा अभ्यास केला. बायकांच्या पाळीच्या आणि आकडीच्या तारखा त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. 1997 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत आकडी वाढण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या. एक, पाळीच्या आसपास. दुसरी, दोन पाळ्यांच्या मध्यावर, स्त्रीबीज बाहेर पडताना. तिसरी, स्त्रीबीज नीट तयार होत नाही अशा महिन्यात, पुढच्या अर्ध्या भागात. नंतर 294 बायकांना घेऊन प्रोजेस्टेरॉनची चाचणी झाली. तिचा निकाल 2012 मध्ये आला. सरसकट सगळ्यांना गुण आला नाही. पण ज्यांची आकडी पाळीच्या आसपास खूपच वाढत होती, त्यांच्यात फायदा दिसला.

म्हणजे कुणाला कोणता उपचार लागू पडेल, याचा अंदाज तारखांवरून येतो. त्या तारखा डॉक्टरांकडे नसतात, आपल्याकडे असतात.

म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या दिवशी गोल करा, आकडीच्या दिवशी फुली मारा. गोळी चुकली, रात्रीचं जागरण झालं, तर तेही लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा. तीन महिन्यांनी ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा. पाळीचं बोलायला लाजू नका.

हार्मोनची गोळी मनानं घेऊ नका आणि चालू असलेली आकडीची गोळी मनानं बंद करू नका, उपासाच्या दिवशीसुद्धा. एकदम बंद केली तर आकडी जोरात उलटते. सणावाराला पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायची असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आकडीच्या काही गोळ्यांमुळे पाळणा लांबवायच्या गोळीचा असर कमी होतो, तेही विचारून घ्या. मूल हवं असेल, तर दिवस राहण्याआधीच सल्ला घ्या.

कुणाला आकडी आलीच, तर तिला कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा.

पुढच्या बैठकीत हे सगळ्या जणींना सांगा. आकडी लपवणारी एखादी मैत्रीण आपल्याच गटात बसलेली असेल.