निझव्यातलं घर



आखाती देशांत आपली लाखो माणसं कामाला आहेत. त्यांतली कितीतरी जण वर्षानुवर्षं तिथं राहून परत येतात, पण त्या देशातल्या एकाही घराचा उंबरा त्यांनी ओलांडलेला नसतो. यात दोष कुणाचा म्हणायचा? राहायला कंपनीची इमारत, शेजारी केरळचे नाहीतर आपलेच, बाजारात हिंदीवर भागतं, सणावाराला मराठी मंडळी जमतात. ओमानमध्ये निझव्याच्या एका रुग्णालयात प्रयोगशाळेतल्या कामासाठी मी गेले, तेव्हा माझेही दिवस असेच जाणार होते. ते तसे गेले नाहीत, याला कारण पाणी.

निझवा मस्कतपासून सुमारे दीडशे किलोमीटर आत, हजर डोंगररांगेच्या कुशीत. पाऊस नावापुरता, आणि तरी गावाभोवती खजुराच्या दाट बागा. त्या जगतात फलजवर. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखालचं पाणी शोधायचं, बोगदा खणायचा आणि नुसत्या उतारानं ते गावापर्यंत आणायचं. पंप नाही, वीज नाही. असे सुमारे ३,००० फलज ओमानमध्ये आजही वाहतात. त्यांतले पाच युनेस्कोनं २००६ साली जागतिक वारसा म्हणून नोंदवले. निझव्याचा फलज दारिस त्या पाचांतला.

माझ्याबरोबर काम करणारी एक ओमानी मुलगी सुट्टीच्या सकाळी मला घरी घेऊन गेली. बायकांची बैठक वेगळ्या खोलीत. आधी खजूर, मग वेलदोड्याची बिनसाखरेची कॉफी, बिनकानाच्या लहानशा पेल्यात. पेला रिकामा दिसला की पुन्हा भरतात. पुरे झाली तर तो हलवून दाखवायचा. हे तिच्या आजीनं माझा हात धरून शिकवलं. बोलणं चाललं होतं ते नातीच्या मदतीनं. मी आजींना विचारलं, “फलजचं रात्रीचं पाणी कुणाच्या वाट्याला येतं?”

मी साक्री तालुक्यातली. आमची शेती पांझरा नदीच्या बंधाऱ्यावर, फड पद्धतीची. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाटकरी सोडेल तसं पाणी घ्यायचं, टंचाई आली तर ती सगळ्यांनी मिळून सोसायची. रात्रीच्या पाळीचं महत्त्व मला कुणी सांगायला नको होतं.

आजी उठून बसल्या. त्यांनी आजोबांना हाक मारली आणि आम्ही सगळे बागेत गेलो. आजोबांनी जमीन दाखवत सांगितलं, पूर्वी इथं काठी रोवायचे, तिच्या सावलीवर दिवसाच्या पाळ्या ठरायच्या. रात्री तारे बघायचे. पाण्याचा एक वाटा साधारण अर्ध्या तासाचा, त्याला अथर म्हणतात. गावात शिरल्यावर पाणी आधी पिण्यासाठी, मग मशिदीला, पुढे बागांना. कुठला तारा कुठल्या डोंगराआडून वर आला की कुणाची पाळी सुरू व्हायची, हे त्यांना अजून पाठ होतं. आता घड्याळ आलं, पण वाटे तेच. मी त्यांना आमचा पाटकरी आणि पिकाची राखण करणारा जागल्या समजावून सांगितले. ऊन चढेपर्यंत आम्ही पाटावर उभे होतो. त्या दिवसापासून मी त्या घरात पाहुणी राहिले नाही.

ईदला त्यांच्याबरोबर शुवा खाल्ला. मसाला लावलेलं मटण झावळ्यांत बांधून जमिनीतल्या भट्टीत पुरतात, ते दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी काढतात. नातीच्या लग्नात मी घरच्या बायकांत वावरले.

मग माझे वडील गेले. मला वेळेत पोचता आलं नाही. तिकडे दुःखाच्या घरी तीन दिवस माणसं येऊन बसतात. माझ्या एवढ्याशा खोलीत आजी आल्या, सुना आल्या, शेजारणी आल्या. ज्यांनी माझ्या वडिलांना कधी पाहिलं नव्हतं, त्या बायका त्यांच्यासाठी प्रार्थना करत होत्या. आमच्याकडेही अशा घरी चूल पेटत नाही, भाऊबंद जेवण आणतात. माझं जेवण तीन दिवस त्या घरातून आलं. आजी मला ‘बिंती’, म्हणजे माझी लेक, म्हणायच्या. त्या दिवसांत मी खरोखरच त्यांची लेक होते.

श्रोतेहो, पुण्यात अरब देशांतून, आफ्रिकेतून कितीतरी मुलं शिकायला येतात. भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि पदवी घेऊन निघून जातात. मराठी घर आतून कसं असतं, हे त्यांतल्या अनेकांना कळतही नाही. तुमच्या इमारतीत असं कुणी असेल, तर या दिवाळीत फराळाचं ताट त्यांच्या खोलीवर पाठवू नका. त्यांना घरात बोलवा, जेवायला बसवा, आणि त्यांच्या आईवडिलांची, शेतीवाडीची विचारपूस करा.