हजेरीपट आणि पाणी

(हीरक महोत्सवी समारंभातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



खंडेराव गेटच्या परिसरातील आपणांस पाण्याचे मोल सांगावयास नको. बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइट खडकात पाणी फारसे मुरत नाही. म्हणून झाशीची तहान बेतवेवरील माताटीला धरणातून भागवावी लागते. एवढ्या लांबून आलेले पाणी शाळांच्या स्वच्छतागृहांत पोहोचते का, हा प्रश्न मला शिक्षणाचाच वाटतो.

२०१४ च्या स्वातंत्र्यदिनी प्रत्येक शाळेत मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहाची घोषणा झाली आणि देशभर बांधकामे झाली. परंतु बांधकाम एकदाच होते. पाणी, साबण आणि सफाई मात्र रोज लागते. यांत खंड पडला, की मासिक पाळीच्या दिवसांत मुलगी घरीच राहते. महिन्याचे चार दिवस धरले, तरी दहा महिन्यांत चाळीस दिवस होतात. त्या दिवसांतले गणित तिचे राहून जाते आणि आपण म्हणतो, हिला गणितात गती नाही!

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. तो क्रम आपणही पाळू या.

देणगीदारांना माझी नम्र विनंती आहे, की महोत्सवाची आठवण म्हणून कमान वा कोनशिला नको. स्वच्छतागृहांचे पाणी, साबण, दुरुस्ती आणि सफाई कामगाराचे वेतन यांसाठी कायम निधी उभारावा. मुद्दल बँकेत राहील, व्याजातून खर्च भागेल. पालकांनीही घरी मुलींशी या विषयावर संकोच न बाळगता बोलावे. निधीचा हिशेब दरवर्षी पालकसभेत मांडण्याची जबाबदारी शाळेची राहील.