भागीदारीचा कागद



वसंतातल्या संध्याकाळी संतवाङ्मय, प्रवास, नाटक असे विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. आजचा विषय रुक्ष आहे; फलक वाचूनही आपण आलात, याबद्दल आभार. कामगार संघटनेच्या माणसाने मालकीच्या कागदांवर का बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर नारपोलीत आहे.

नारपोलीच्या गल्ल्यांतून ज्यांनी मागांचा खडखडाट ऐकला आहे त्यांस ठाऊक आहे की, तेथे कामगार आणि मालक यांच्यामधली भिंत फार पातळ असते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचे कितीतरी काम भिवंडीच्या मागांवर येऊन पडले. त्याच्या आधीही आणि नंतरही, काल बारा तासांची पाळी करणारा कारीगर जुने माग घेऊन मागवाला झाला आणि मंदी येताच पुन्हा पाळीवर गेला. असा मनुष्य सकाळी आमच्याकडे मजुरीची तक्रार घेऊन येतो, तर दोन वर्षांनी प्राप्तिकराची नोटीस घेऊन येतो. त्याच्या नोटिशी वाचता वाचताच आम्ही कायदा शिकलो; शाळेने तो शिकवला नव्हता.

एकट्याला माग घेणे परवडत नाही, म्हणून दोघे एकत्र येतात. एकाने गावाकडचा जमिनीचा हिस्सा विकलेला असतो. दुसऱ्याच्या हातात कसब असते. बोलणे चहाच्या टपरीवर होते, ‘निम्मे निम्मे’ एवढ्या दोन शब्दांत. आणि कायदा त्यास हरकत घेत नाही! १९३२ चा भागीदारी कायदा तोंडी भागीदारीही मानतो. अडचण येते ती पहिल्या बिलाच्या दिवशी. सूत व्यापाऱ्याचे, माग आपले, मजुरी मीटरमागे. व्यापारी विचारतो, “पॅन कोणाचा लावू?” ज्याचा हाताशी असेल त्याचा लागतो.

अशा दोघांची हकीकत सांगतो. नावे सांगत नाही. भाड्याच्या शेडमध्ये सहा माग, एक जण पद्मशाली समाजाचा, दुसरा आमच्या कोकणातला. तीन वर्षे बिले एकाच्याच पॅनवर निघाली. व्यापारी एक टक्का कर कापी, तोही त्याच्याच नावावर जमा होई. वीजबिल त्याचे, बँकेचे खाते त्याचे. दुसरा घर घेण्यासाठी कर्ज मागावयास गेला, तेव्हा बँकेने तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली. त्याच्यापाशी एकही नव्हते. सरकारच्या दप्तरी हा गृहस्थ तीन वर्षे काहीच कमावत नव्हता! पुढे दोघांचे बिनसले. वाईट मनाचा कोणीच नव्हता. पण पहिल्याच्या मुलांना माग बापाचेच वाटू लागले होते, आणि सारे कागदही तेच सांगत होते. दुसरा दोन मागांच्या भंगाराची किंमत घेऊन रात्रपाळीवर परत गेला.

आता कराचा हिशोब पाहू. तो कंटाळवाणा आहे, पण थोडा वेळ द्या. समजा, दोघांचा वर्षाचा नफा ६ लाख रुपये झाला. तो सगळा एकाच्या नावावर दाखवला, तर २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत कर शून्य. कारण १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावरचा कर सवलतीने माफ होतो. भागीदारी पेढीस मात्र ही सवलत नाही. तिला पहिल्या रुपयापासून ३० टक्के. म्हणून सल्लागार हसून सांगतात, “कशाला पेढी काढता?”

परंतु भागीदारीचा लेख असेल, त्यात प्रत्येकाचा हिस्सा असेल आणि काम करणाऱ्या भागीदारांचा पगार किती वा कसा ठरावयाचा हे लिहिलेले असेल, तर तो पगार नफ्यातून वजा होतो. २०२४-२५ पासूनची मर्यादा अशी की, पहिल्या ६ लाखांवर ३ लाख किंवा नव्वद टक्के, यांत जे अधिक असेल ते. म्हणजे आमच्या उदाहरणात ५ लाख ४० हजार दोघांच्या पगारात गेले, उरले ६० हजार. त्यावर कर १८ हजार, आणि चार टक्के उपकर धरून १८,७२०. लेखच नसेल आणि पेढी म्हणून आकारणी झाली, तर पगार वजा होत नाही, आणि तोच आकडा १,८७,२०० होतो. बरोबर दसपट.

तेव्हा १८,७२० रुपये ही दुसऱ्या माणसाच्या नावाची किंमत आहे, असे आम्ही म्हणतो. महाग वाटते? त्या रात्रपाळीवाल्यास विचारा. एप्रिल २०२५ पासून भागीदाराच्या वर्षाला २० हजारांवरील पगारातून पेढीने दहा टक्के कर कापावयाचा असतो. विवरणपत्र भरले की तो परत मिळतो. पेढीचा पॅनही वेगळा काढावा लागतो. त्याचे चौथे अक्षर एफ असते, व्यक्तीच्या पॅनचे पी. बिलावर ते एक अक्षर बघण्याची सवय दोघांनीही लावून घ्यावी.

येथे जुन्या मंडळींचा एक घोटाळा होतो. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात आणि पुढे १९६१ च्या कायद्यातही प्राप्तिकर खात्याकडे पेढीची वेगळी नोंदणी असे. ती पद्धत १९९३-९४ च्या आकारणी वर्षापासून गेली. आज ‘नोंदणी’ म्हणजे भागीदारी निबंधकाकडची. ती सक्तीची नाही, करासाठीही लागत नाही. पण ती नसेल, तर व्यापाऱ्याने मजुरी बुडवल्यास पेढीला करारावर दावा लावता येत नाही. १९३२ च्या कायद्याचे कलम ६९ आडवे येते. महाराष्ट्राने तर १९८४ च्या दुरुस्तीने हिशोब मागण्याचा आणि पेढी मोडण्याचा दावाही अशा भागीदारास बंद केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. कमजोर भागीदारावर तो मोठा उपकार झाला.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. काही ठिकाणी कारीगरासच म्हणतात, “तू आता भागीदार, येथे सही कर.” हेतू हा की हजेरीपटावर माणसे कमी दिसावीत आणि भविष्यनिर्वाह निधी टळावा. सही करण्यापूर्वी एकच मागणी करावी: हिशोबाच्या वह्या दाखवा. कलम १२ प्रमाणे प्रत्येक भागीदारास त्या पाहण्याचा, त्यांची नक्कल घेण्याचा हक्क आहे. वह्या दाखवण्यास जो कचरतो त्याला भागीदार नको आहे. आणि सही केल्यावर पेढीच्या कर्जास व करास मात्र कारीगराचे घरदारही जबाबदार राहते.

राहता राहिले एक कलम, जे लिहिताना सारे अवघडतात. दोघांच्या पेढीत एक वारला की पेढी संपते. एकट्याची भागीदारी कायद्यास ठाऊक नाही. त्याच्या बायकोस भांडवल किती महिन्यांत द्यावयाचे, मागांची किंमत कोणी ठरवायची, मुलास घेऊन नवी पेढी काढावयाची की नाही, हे लेखात असले पाहिजे. लिहून देणारा म्हणतो, “ते पुढे बघू.” आम्ही आमच्या लोकांस हेच कलम आधी लिहावयास लावतो, नफ्याचे नंतर.