पापड लाटताना ऐकलेली कोरियन गाणी

मी भुसावळची. लेक मोबाइलवर कोरियन गाणी लावायची, तेव्हा मी ओरडायची. मग उडदाचे पापड लाटताना रोझे आणि ब्रूनो मार्सचं २०२४ चं 'आपाथू' ऐकलं. लाटणं ठेक्यावर फिरायला लागलं! आपाथू म्हणजे आपलं अपार्टमेंट बरं का. जपानच्या योआसोबीचं २०२३ चं 'आयडॉल' फार पळतं, तरी आवडतं.

ब्लॅकस्वान या कोरियन गटात २०२२ मध्ये राउरकेलाची श्रिया लेंका निवडली गेली. ओडिसी नाच शिकलेली. राउरकेला आपल्या भुसावळवरून जाणाऱ्या हावडा-मुंबई लाइनीवरच आहे. माझ्या लेकीलाही नाच शिकायचाय. घरात सगळे नको म्हणतात, मीही म्हणाले होते. पोरी, ऐकतेस ना? उद्या क्लासला जाऊ.